जाळीला सांधा नसतो

पट्टीचं एक टोक सुलताना फुप्पीच्या चिमटीत होतं, दुसरं हैबतरावांच्या. दोघांनी ती उचलून खिडकीच्या उजेडात धरली, हलकीशी ताणली, आणि अख्खी जाळी पानापानाने सुटून सतरंजीवर पडली.

आवाज काही झाला नाही. कागदच तो. पण पत्र्यावरचा पाऊस एकदम मोठ्याने ऐकू यायला लागला. फुप्पीच्या हातात एक पान उरलं होतं, हैबतरावांच्या हातात एक. मधली सहा खाली. दुसऱ्याच्या घरी आपल्या हातून कपबशी फुटावी, तसे हैबतराव त्या पानाकडे पाहत राहिले.

"म्या लई वढलं का काय?" ते म्हणाले.

"न्हाई वो." फुप्पीने पान डोळ्याशी नेऊन त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "वढून फाटल्यालं आसं सरळ फाटत न्हाई. ह्ये कापलंय."

साजिदा सरबताचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला ते फुप्पीच्या आधी कळलं होतं. पानं सुटली ती बरोबर घडी पडायला हवी त्या रेषांवर, आणि प्रत्येक कडेला लेझर यंत्राने कापल्यावर राहते तशी बारीक करपट रेघ होती. कुठे कुठे न तुटलेल्या तंतूंवरच पट्टी एवढा वेळ धरून राहिली होती. चूक कुठे झाली हेही तिला तिथेच, ट्रे हातात असतानाच दिसलं. हिशेब चुकल्यावर उत्तराआधी चूक दिसावी तसं.

पौडच्या या घरात ताबुताच्या जाळीला सांधा नसतो. ताबूत आठ बाजूंचा. एका मजल्याला एक अखंड पट्टी, आठही बाजूंना गुंडाळून दोन्ही टोकं एकाच कामटीवर आणायची. खळ लावायची ती बांबूला. कागदाला कागद चिकटवायचा नाही. मोहरमची मिरवणूक भर पावसात नदीपर्यंत जाते, आणि चिकटवलेला कागद पहिल्याच वळणावर तोंड उघडतो. जाळी कापून झाली की घरातली वडील बाई एक टोक धरते, गावाच्या वतीने हैबतरावांच्या घरचा कर्ता दुसरं. सगळ्यांनी उजेडात पाहायची, मग ती सांगाड्यावर चढते. हैबतरावांच्या आधी त्यांचे वडील ते टोक धरायला यायचे.

अब्बा भिंतीला टेकून खुर्चीत बसले होते. थंडीत त्यांच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून उजवा हात मांडीवर पडलेला असे; म्हणून या वर्षीची जाळी यंत्रावर कापली होती. त्यांनी खाली पडलेल्या पानांकडे पाहिलं, मग एकदाच साजिदाकडे पाहिलं, आणि मान खिडकीकडे वळवली.

"मी ईदलाच म्हणालो होतो," तारिक म्हणाला. अब्बांचा, म्हणजे हाफीज मिस्त्रींचा, हा थोरला मुलगा पुण्यात विम्याच्या कचेरीत होता. त्याला मोठ्याने बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्याचं बोलणं जास्त लागायचं. "या वर्षी तयार ताबूत आणू. पुण्यात लोक बनवतात, चांगले बनवतात. अब्बांच्या जिवाला त्रास नाही."

"अब्बांच्या जिवाला कसला त्रास झालाय?" शहनवाजने विचारलं. तो धाकटा, साजिदाचा नवरा.

"परवा कामट्या बांधायला स्टुलावर कोण चढलं होतं?"

"म्या," अब्बा म्हणाले. तेवढंच.

"पण मशीनचा काही दोष नाही, तारिकभाई," शहनवाज म्हणाला. "मशीन सांगितलं तेवढंच कापते. फाइल साजिदानं केली होती."

बोलल्याबरोबर त्याला ते परत घ्यावंसं वाटलं असावं. त्याने लगेच खाली वाकून पानं गोळा करायला घेतली.

साजिदाने ट्रे टेकवला. "हो, मीच केली होती," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

फुप्पीने दुपट्टा सारखा केला. शेवटी हैबतरावांनीच घसा साफ केला. "हाफीज, आईक. गावातली पोरं म्हणत्यात रेडिमेड आणू, आतनं लायटिंगवाला. म्या म्हणलं, मिस्त्रीच्या घरचा हाय तवर दुसरा येनार न्हाई. पर जाळी उद्या चढायची. दिवस मावळायच्या आत मला काय तरी सांग. मंग म्या बघतो पोरांकडं." त्यांनी हातातलं पान फुप्पीकडे दिलं, उभ्या उभ्याच एक ग्लास उचलून संपवला. "सरबत झ्याक झालंय, सूनबाई," असं साजिदाला म्हणून ते छत्री उघडत पायऱ्या उतरले.

ते गेल्यावर तारिक फुप्पीजवळ जाऊन बसला. फुप्पी अब्बांची धाकटी बहीण. मुठा गावात दिलेली, पण मोहरमला माहेरी यायचं एकही साल तिने चुकवलेलं नव्हतं. तारिक तिच्याशी हळू आवाजात बोलत होता आणि फुप्पी मान हलवत होती. "तूच सांग हैबतकाकांना, तयार आणा म्हनून," ती म्हणाली. "भाईच्यानं आता हुनार न्हाई. आन् मशिनीचं आसं."

या एका निरोपाला दुसरा निरोप जोडलेला आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हापासून तारिक अब्बांना पुण्याला चला म्हणत होता. तिथे फिजिओथेरपीवाला रोज घरी येऊ शकत होता. पौडला तो आठवड्यातून एकदा यायचा, पाऊस असला की तेही नाही. अब्बांचं उत्तर ठरलेलं होतं: जाळी कोन काढंल? आता तयार ताबूत आला की तो प्रश्नच उरत नव्हता. मोहरम संपला की अब्बांचं सामान तारिकच्या गाडीत.

साजिदाला ते नको होतं. का नको, हे तिने स्वतःशीही नीट मांडलं नव्हतं. लग्न होऊन ती जुन्नरहून या घरात आली तेव्हा भौतिकशास्त्राची पदवी कपाटात ठेवून आली होती. लवळ्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचं काम केलं, ते मूल झाल्यावर सुटलं. मग शहनवाजने लवळे फाट्याजवळ लेझर कटिंगचं दुकान टाकलं आणि आर्किटेक्चरच्या पोरांच्या मॉडेलांच्या फाइली दुरुस्त करायचं काम हळूहळू तिच्याकडे आलं. या घरात रेषेबद्दल तिच्याशी बोलणारा एकच माणूस होता.

*

आतल्या खोलीत पेटीवर लॅपटॉप ठेवून ती फाइल उघडत होती.

अब्बांचा फर्मा, म्हणजे नक्षीचा साचा, एक्सरेच्या फिल्मवर कापलेला होता. जुनी फिल्म चिवट, पाण्याला दाद न देणारी. ही फिल्म अम्मींच्या छातीची. त्या गेल्यानंतरच्या मोहरमला अब्बांनी नवा फर्मा कापला तो यातून. का, ते कुणी विचारलं नव्हतं. एका पानाची नक्षी फर्म्यावर, कागदाच्या पंख्यासारख्या घड्या घालून आठ पदर, वर फर्मा धरायचा आणि बारीक पटाशीने ठोकत जायचं. आठ पानं एकदम कापली जात.

वसंतात तिने तो फर्मा स्कॅन केला तेव्हा नक्षीच्या मागे बरगड्याही उमटल्या. चित्राच्या कडा ओळखून आपोआप रेषा काढायची सोय प्रोग्रॅममध्ये होती. शहनवाजने ती वापरून पाहिली, तर बरगड्यांच्याही रेषा झाल्या आणि फुलांना वाकडे देठ फुटले. मग तिने चित्र फिकं करून मागे ठेवलं आणि वरून हाताने रेषा काढत गेली. एक बिंदू इथे, एक तिथे, मधली वक्ररेषा दोन्हीकडून ओढून बसवायची. बिंदू जितके कमी तितकी रेषा वाहती. अब्बा शेजारी खुर्ची ओढून बसायचे. "ह्या पाकळीचं पोट वाईच भायेर काढ." "हितं मान मोडली, बघ." त्यांना माऊस धरता येत नव्हता, आणि माऊस धरायची त्यांची इच्छाही नव्हती. पण बिंदू ओढला की रेषा कशी मागे येते हे पाहताना त्यांचं तोंड किंचित उघडं राहायचं. त्या दुपारी ते हाताबद्दल विसरत, असं तिला वाटायचं.

एक पान पुरं झालं, कापून पाहिलं, तंतोतंत आलं. मग तिने त्याच्या आठ प्रती, एक सुलट एक उलट, कडेला कड लावून मांडल्या. पडद्यावर सगळी पट्टी काळ्या रंगाने भरलेली होती. एकसंध दिसत होती.

आता तिने भराव काढून टाकला. नुसत्या लाल रेषा उरल्या. आणि फुलाफुलांच्या मधून, दोन पानं मिळत होती तिथे तिथे, उभ्या सरळ रेषा. यंत्राला रंग दिसत नाही, रेषा दिसते. त्याला पट्टी दिसलीच नव्हती. आठ सुटी पानं दिसली होती. फर्मा जिथे संपतो तिथे नक्षी संपते असं तिने धरलं होतं. फर्मा संपतो तिथे तर घडी असते, आणि घडीवर पटाशी जात नाही.

आठ पानं एकत्र करायची आज्ञा दिली आणि उभ्या रेषा नाहीशा झाल्या. पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

शहनवाज दारात येऊन उभा राहिला. "चिडलीस?"

"नाही."

"मग बोल की काहीतरी."

"कापायच्या आधी तुम्हीही उघडून पाहिली होती ना?"

"व्हय. पाहिली."

"मग आमची फाइल चुकली, असं म्हणता आलं असतं."

तो पेटीच्या कडेला टेकला. "लाज वाटली गं. तारिकभाईसमोर. त्याच्यासमोर मी अजून नववीत नापास झालेलाच असतो." मग तो म्हणाला, "पोरांची मॉडेलं रोज कापतो ना. प्रत्येक भिंत सुटीच लागते त्यांना. ह्यात सुटं नको, हे डोक्यातच आलं नाही."

"माझ्याही."

यानंतर दोघं जरा सैल झाली. तेवढ्यात दुपट्ट्यात आठही पानं घेऊन फुप्पी आत आली. बसली नाही.

"दाव काय केलंस."

साजिदाने पडदा तिच्याकडे वळवला. फुप्पीने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "आता न्हाई सुटायची?"

"नाही सुटायची. अखंड आहे."

"आन् घड्या कुटं हायेत?"

"घड्या?"

"भाईचा कागद घडी घालून कापल्याला आसतो. उलगडला तरी घडी ऱ्हाती. ती घडी मी कामटीवर बसवती. खळ लावणारी मी हाय, तुला काय म्हाईत. ही तुजी पट्टी सपाट. कोपऱ्यावर ती वळनार कशी? पोट धरंल. मंग हातानं घडी पाडाया गेलं की वाकडी जानार, आन् फुलाचं नाक तुटनार." तिने पानं पेटीवर ठेवली. "म्हनून म्हनती, न्हाई जमायचं त्ये नको. तयार आणा."

ती हरकत घ्यायलाच आली होती, हे साजिदाला कळत होतं. पण तिचं लक्ष पडद्याकडे गेलं होतं. तिने शेवटची आज्ञा मागे घेतली. उभ्या रेषा परत आल्या. एकावर एक दोन होत्या तिथली एक पुसली. उरलेल्या सगळ्या निवडून तिने त्यांचा रंग बदलला. लालऐवजी निळा.

"आता पानं एकत्रच आहेत, फुप्पी. लाल रेघ आरपार कापते," ती म्हणाली. "निळीला मी कमी जोर लावायला सांगू शकते. नुसती खरवडून जाईल. कागद तुटणार नाही, पण तिथेच वळेल."

"वडीगत?"

"काय?"

"वडी थापली की सुरीनं रेघा मारतो तशा. ताट कापत न्हाई."

"हो, तशाच."

"पर वडी मोडती त्याच रेघंवर."

"म्हणून तर किती खोल जायचं ते आधी पाहावं लागेल. तुकड्यावर. तुम्ही वाकवून सांगायचं."

फुप्पी पडद्याकडे पाहत राहिली. चष्मा तिने काढला नाही.

तारिक बाहेरून सगळं ऐकत असावा. तो आत आला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढलेला होता. "आणि परत सुटली तर? साजिदा, मी हैबतकाकांचं म्हणत नाही. मघाशी अब्बांचा चेहरा पाहिलास तू?"

"पाहिला."

"मला तो दुसऱ्यांदा नाही बघायचा. तुम्हाला वाटतं मला ताबूत नकोय. लहानपणी खळ शिजवायला मीच बसायचो चुलीपुढं. पण त्यांचा हात सुधारायचे हे महिने गेले की गेले, डॉक्टर म्हणतात. जाळीपायी ते पुण्याला येत नाहीत. तुम्ही जाळी करून द्याल, आणि ते इथेच बसतील. तो हात तसाच राहील."

साजिदाने ही बाजू अशी ऐकलीच नव्हती, किंवा ऐकायची टाळली होती.

"गाडी काढ, तारिक," फुप्पी म्हणाली.

"फुप्पी, तुम्हीच मघाशी म्हणालात..."

"मघाशी घड्या न्हवत्या."

"म्हणजे?"

"म्हंजे तुजं खरं हाय. पर जमनार आसंल तर न बघताच न्हाई म्हनायचं, ह्ये मला न्हाई पटत. जमलं न्हाई तर म्या सवता सांगते हैबतरावाला. गाडी काढ."

काठीचा आवाज आला. अब्बा भिंतीला धरून दारापर्यंत आले होते. "मी बी येतो," ते म्हणाले. "मागं बशीन."

*

लवळे फाट्याजवळच्या दुकानात दिवस असूनही दिवे लावलेले होते. फळीवर कॉलेजच्या पोरांची मॉडेलं वाळत ठेवली होती. फुप्पीने त्यातलं एक निरखून पाहिलं.

"ही पोल्ट्री व्हय?"

"संग्रहालय आहे," शहनवाज म्हणाला. "हात लावू नका. उद्या त्याचे मार्क आहेत."

"खिडक्या कमी हायेत. कोंबड्या मरतील."

तारिक हसला, आणि हसलो म्हणून स्वतःवरच थोडा वैतागल्यासारखा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. अब्बांना यंत्राशेजारी स्टूल दिलं. त्यांनी पलंगासारखी ती लोखंडी जाळी, वरचं काचेचं झाकण, सगळं आधी पाहिलेलं होतं. आज ते पुन्हा नव्याने पाहत होते.

साजिदाने त्याच कागदाचा एक तुकडा लावला. निळ्या रेषेला अंदाजाने जोर दिला. किरण सरकला, धुराचा बारीक धागा उठला. फुप्पीने तुकडा उचलला, वाकवला, आणि तो तिच्या हातात दोन झाला. तारिक बाहेरच पाहत होता.

दुसऱ्या वेळी तिने जोर फारच उतरवला. रेघ डोळ्याला जेमतेम दिसत होती, आणि घडी तिला सोडून भलतीकडेच गेली. "कागदानं तुजं आईकलं न्हाई," फुप्पी म्हणाली.

तिसऱ्या वेळी तिने जोर मधे धरला आणि वेग वाढवला. म्हणजे किरण त्याच जागी कमी वेळ थांबेल. फुप्पीने तुकडा वाकवला. उलटा वाकवला. दोन्ही बाजू धरून ओढला. मग नखाने घडीवरून एकदा दाबत नेलं, जशी ती सांगाड्यावर नेत असे.

"ह्यो धरतोय," ती म्हणाली. "आसाच ऱ्हाऊ दे. आता काय बदलू नको."

साजिदाने नवी पट्टी लावली, चार कोपऱ्यांवर लोखंडी तुकडे ठेवले. काम कोणत्या क्रमाने जायचं तेही तिने पुन्हा लावलं: आधी निळ्या घड्या, मग आतली भोकं, सगळ्यात शेवटी बाहेरची कड. कड आधी सुटली तर पट्टी हलते आणि आतली फुलं सरकतात. सकाळी हे तिने बरोबर केलं होतं. सकाळी सगळं बरोबर केलं होतं, एक सोडून.

"घडी आधी का?" अब्बांनी विचारलं.

"कागद धड आहे तोवर सरळ पडते. भोकं पडल्यावर उडतो."

अब्बांनी मान हलवली. "म्या बी घडी आधीच घालतो," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "घालायचो."

तिने मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि बटण दाबलं.

यंत्र बराच वेळ चाललं. निळ्या रेषा झटकन झाल्या. मग किरण एकेका भोकाभोवती फिरू लागला, आणि कापलेले टिकलीएवढे तुकडे खाली गळत राहिले. जळक्या कागदाचा वास खोलीभर झाला. अब्बा पुढे वाकून बघत होते. एका पाकळीपाशी किरण वळला तेव्हा त्यांचा डावा अंगठा मांडीवर तसाच वळला.

कड कापून झाली. शहनवाजने झाकण उचललं. पट्टी फुप्पीने उचलली, पण ताणली नाही. टेबलावर ठेवून तिने पहिल्या घडीवर वाकवली, मग दुसऱ्या, तिसऱ्या. शेवटची घडी वळली आणि दोन्ही टोकं एकमेकांना भेटली. फुप्पीने हात बाजूला घेतले. आठ बाजूंची जाळी टेबलावर आपली आपण उभी होती. प्रत्येक कोपऱ्यावर एक फूल, अर्धं इकडे अर्धं तिकडे, पण अख्खं.

शहनवाजने तोंडावरून हात फिरवला. फुप्पी म्हणाली, "नाक एक बी न्हाई तुटलं," आणि भिंतीकडे तोंड करून उगाचच चष्मा पुसायला लागली.

तारिक खिडकीपासून टेबलापर्यंत आला. तो जाळीभोवती एक फेरी मारून आला. मग खिशातून फोन काढला. आता तो नेमकं काय सांगणार, हे बघत साजिदा उभी राहिली.

"काका, तारिक बोलतोय. व्हय. झाली जाळी." तिकडून हैबतराव बरंच काही म्हणत असावेत. "न्हाई न्हाई, पुण्याचा नको. आपलाच. मिस्त्रीच्या घरचा." तो आणखी ऐकत राहिला. "तिनंच काढली. व्हय, सांगतो."

फोन ठेवून त्याने साजिदाला सांगितलं, "काका म्हणतात, मी लई वढली न्हवती, हे सूनबाईकडून एकदा कबूल करून घे."

ती हसली. मग तिला वाटलं, आता तारिकची बाजू हरली, आणि आपण जिंकलो ते याच्या बापाचा हात पणाला लावून. तिने त्याच्याकडे पाहायचं टाळलं आणि टेबलावरचा कचरा गोळा करायला घेतला.

"तारिक," अब्बा म्हणाले. "तुज्याकडं खालच्या मजल्यावर एक खोली रिकामी झाली म्हनत हुतास."

तारिकने मान वर केली. "हाय."

"ताबूत नदीत ठंडा झाला की येतो. दावू हात तुज्या त्या मानसाला."

पावसाची एक सर दुकानाच्या पत्र्यावरून धावत गेली. तारिक काही बोलायला गेला आणि नुसतंच "बरं" म्हणाला.

"अब्बा," साजिदा म्हणाली. कचऱ्याचा बोळा तिच्या हातातच राहिला. "तुम्ही जाळीसाठी थांबला होतात ना? जाळी तर झाली."

"झाली म्हनूनच जातो. न्हवती तवा कसा जाऊ?"

"पण तुम्ही नसाल तर पुढच्या वर्षी..."

"म्या हुतो तवा काय केलं? बसून हुतो." ते चिडून बोलले नव्हते, समजावत होते. "पोट भायेर काढ, मान मोडू नको. त्ये आता तुज्या डोळ्यात हाय. आज घडीचं सुलतानानं सांगितलं, म्या न्हाई. मला तर सुचलंच न्हवतं. घडी म्या घालतो ती हातानं. डोक्यानं कधी घातलीच न्हाई."

तिला सांगायचं होतं, की तुमचं बसणं म्हणजे नुसतं बसणं नव्हतं. पण हे वाक्य इथे, सगळ्यांसमोर, तिला धड जमलं नसतं. आणि तारिककडे पाहिल्यावर ते बोलू नये असंही वाटलं. तो आपल्या बापाकडे असा पाहत होता, जसा कुणी फार दिवस ढकललेलं दार अचानक आतून उघडल्यावर पाहतो. तिने बोळा टोपलीत टाकला.

"अजून दोन मजल्यांच्या पट्ट्या आहेत," ती म्हणाली.

"मंग लाव की," फुप्पी म्हणाली.

साजिदाने दुसरा कागद पसरला. हाताने साफ करून चार कोपऱ्यांवर लोखंडी तुकडे ठेवले. फाइल पुन्हा उघडून भराव काढला, लाल आणि निळ्या रेषा एकदा डोळ्यांखालून घातल्या. मग सवयीने, काही चुकलं तर नाही ना म्हणून, स्टुलाकडे पाहिलं.

अब्बा तिच्याकडे पाहत नव्हते. त्यांनी पाठ यंत्राकडे केली होती आणि ते तारिकला विचारत होते, त्या खोलीत सकाळचं ऊन कुठून येतं, संडास किती लांब आहे, आणि खाली पोरं क्रिकेट खेळतात का, कारण झोप त्यांची सावध होती. तारिक एकेक सांगत होता. मधेच त्यांनी काहीतरी चेष्टा केली आणि तो हसला.

तिने झाकण खाली घेतलं आणि बटण दाबलं.